सगळे घटक जुने असले तरी पेटंट आपोआप पडत नाही

प्लास्टिक फिल्म जोडण्याच्या पद्धतींवरील पेटंटांविरुद्ध एक युक्तिवाद वारंवार पुढे केला जातो. फिल्म जुनी, उष्णता जुनी, चिकटद्रव्यही जुने, मग शोध कसला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 मधील केएसआर निकालानंतर अशी पेटंटे टिकतच नाहीत. आणि भारतीय कायदाही हेच सांगतो, असे त्याचे तीन मुद्दे आहेत.

केएसआर खटला मोटारीच्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडण्याचा होता आणि ते पेटंट रद्द झाले, हे खरे आहे. जुन्या दस्तऐवजांत जोडणीची स्पष्ट सूचना सापडलीच पाहिजे, हा ताठर आग्रह न्यायालयाने सोडला. मात्र प्रत्येक घटक स्वतंत्रपणे आधीच ठाऊक होता एवढे दाखवून पेटंट उघड, म्हणजे त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचणारे, ठरत नाही, हेही त्याच निकालात म्हटले आहे, आणि युक्तिवाद करणारे नेमके तेवढे वाक्य गाळतात. अमेरिकेतील संशोधक अ‍ॅडम्स यांच्या बॅटरीतील मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड दोन्ही परिचित होते. तरीही जाणकारांच्या अपेक्षेपलीकडचा परिणाम मिळाल्यामुळे 1966 मध्ये ते पेटंट टिकले.

‘उष्णता जुनी’ या मुद्द्यात तर साहित्याचा विचारच नाही. कमी घनतेचे पॉलिथिलीन सुमारे 110 अंश सेल्सियसला वितळते, तर पॉलिएस्टर फिल्म सुमारे 250 अंशांना. दोन्ही एकत्र दाबून तापवल्यास पॉलिएस्टर वितळण्याच्या कितीतरी आधी पॉलिथिलीन वाहू लागते, आणि दोन्ही वितळवली तरी ती एकमेकांत नीट मिसळत नाहीत. म्हणूनच मध्ये चिकटद्रव्य किंवा दोघांनाही धरणारा थर लागतो, आणि खरा वाद तो थर, तापमान, दाब व वेळ यांच्या निवडीवर होतो. त्याच जोडीसाठी तोच थर आधीच सुचवलेला असेल आणि अर्जदाराने तापमान थोडे बदलून अपेक्षित तेवढाच परिणाम मिळवला असेल, तर ते पेटंट पडावे. त्यात हळहळण्यासारखे काही नाही.

आधीचे ज्ञान उलट दिशेला नेत असेल, तर मात्र चित्र पालटते. गोर विरुद्ध गारलॉक खटल्यातील वस्तू जोडणीची नव्हे, ताणलेल्या पीटीएफईची (टेफ्लॉन या नावाने परिचित प्लास्टिकची) होती. तो पदार्थ हळू ताणावा असा समज असताना गोर यांनी तो वेगाने ताणला, आणि 1983 मध्ये अमेरिकेत पेटंट अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने, उत्तर हाती आल्यावर जुने तुकडे मागे वळून जुळवण्याच्या सवयीविरुद्ध बजावत, खालच्या न्यायालयाचा पेटंटविरोधी निर्णय बहुतांशी फिरवला.

भारतीय पेटंट कायद्याचा दाखला तर अर्धवटच दिला जातो. कलम 3(एफ) ज्ञात साधनांच्या निव्वळ मांडणीला वगळते, पण ती साधने एकमेकांपासून स्वतंत्रपणे आणि ज्ञात रीतीने काम करत असतील तेव्हाच. दोन फिल्मना धरून ठेवणारा मधला थर तसा स्वतंत्र नसतो. कलम 2(1)(जेए) नुसार कसोटी अशी की, त्या क्षेत्रातील कुशल व्यक्तीला ते उघड वाटले असते का. पेटंट मिळाल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात विरोध नोंदवता येतो. मात्र त्यात कोणत्या जुन्या दस्तऐवजावरून ती व्यक्ती कोणत्या पायरीकडे आणि कशामुळे वळली असती, हे विरोधकाने दाखवावे लागते.