जावईबापू काही घेत नाहीत

स्कॉटलंडहून सांगलीत परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "मग? तिकडची घेतली का नाही?" मी तोंड उघडायच्या आत आप्पा उत्तर देऊन मोकळे. "आमचं जावईबापू काय घेत न्हाईत. डिस्टिलरीत जाऊन थेंबाला शिवलं न्हाईत!" परवा विश्रामबागेत एका वास्तुशांतीला त्यांनी हे भर पंगतीत जाहीर केलं. वाढपीसुद्धा थांबला. हात धुताना एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "आम्ही मित्रमंडळी शनिवारी पन्हाळ्याला चाललोय. येता का? म्हणजे गाडी चालवायला."

तर हे निर्व्यसनीपण माझ्या गळ्यात पडलं कसं, ते सांगतो.

मेहुणा ग्लासगोला असतो. त्याच्या डोक्यात कॅम्पिंग शिरलं आणि आम्हा सगळ्यांना त्यानं तंबूसकट स्पे नदीच्या खोऱ्यात नेलं. २००३ च्या कायद्यानं तिथं मोकळ्या माळावर तंबू ठोकायचा हक्क सगळ्यांना आहे. पावसाला आणि चिलटांनाही तो आहे, असं दिसलं. त्या खोऱ्यात पन्नासाच्या वर डिस्टिलऱ्या. त्यातल्या एका आडगावच्या डिस्टिलरीच्या फाटकाशी मेहुण्यानं गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"दाजी, येताना तुम्ही चालवा. आपलं लायसन्स इथं वर्षभर चालतं."

गाडीच्या विम्यात माझं नाव त्यानं घरून निघायच्या आधीच घालून ठेवलं होतं, हे मागाहून कळलं. याला कट म्हणतात.

स्कॉटलंडमध्ये चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात फार तर ५० मिलिग्रॅम अल्कोहोल चालतं. २०१४ पर्यंत ८० चालायचं, इंग्लंडात अजून चालतं. आपल्या कायद्यात हाच आकडा ३० आहे, म्हणजे कागदावर आपण त्यांच्यापेक्षा कडक. रात्री अकरानंतर सांगली-मिरज रस्त्यावर उभं राहून हा आकडा कुणाला तरी ऐकवून बघा. असो. डिस्टिलरी बघायचं तिकीट मात्र पिणाऱ्याला आणि न पिणाऱ्याला सारखंच. चालकाला चाखायची व्हिस्की ग्लासाऐवजी बोटभर बाटल्यांत भरून देतात. मुक्कामाला जाऊन प्या.

आता आप्पा. आप्पा म्हणजे माझे मामेसासरे. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत फर्मेंटेशनला त्यांनी नोकरी काढली. गळ्यात तुळशीची माळ, दरसाल वारी. आयुष्यभर अल्कोहोल गाळलं, जिभेला लावलं नाही. परदेशात येऊन त्यांनी किल्ला बघितला तो जांभया देत, तळं बघितलं ते पाठमोरं बसून. डिस्टिलरीचं धुराडं दिसलं आणि माणूस गाडीतून पहिला उतरला.

माहिती द्यायला लाल केसांची, विशीतली एक पोरगी होती. ती म्हणाली, आमच्या व्हिस्कीत तीनच गोष्टी. जव, पाणी आणि यीस्ट. मी भाषांतर केलं.

"मळी कुठाय?" आप्पा.

"उसाची मळी नाही वापरत आप्पा. जव भिजवतात, मोड आणतात, भट्टीत वाळवतात."

"मटकीगत?"

"हो."

"मोड आलेल्याची उसळ करायची सोडून दारू काढत्यात व्हय?" हे मी पुढं पोचवलं नाही.

पुढच्या खोलीत दोन मजले उंचीची लाकडी पिंपं होती. पोरीनं एकाचं झाकण उघडलं आणि वास घ्या म्हणाली. मी वाकलो तसा आप्पांनी माझा सदरा मागून ओढला. "डोकं लांब घ्या जावईबापू, सीओटू हाय. भोवळ येईल." मग स्वतः दोन बोटं नाकाशी धरून फेस न्याहाळला आणि थेट तिलाच विचारलं, "फर्मेंटेशन? किती अवर?"

"सिक्स्टी."

"सिक्स्टी!" आप्पा माझ्याकडे वळून हसले. "आमच्यात दीड दिवसात उरकतंय. लाकडात ठेवल्यावर इन्फेक्शन न्हाई तर काय हुणार? विचारा तिला, बॅक्टेरिया?"

पोरगी खूष झाली. बॅक्टेरिया हवेतच, म्हणाली, शेवटी शेवटी त्यांच्यामुळेच तर चव येते. आप्पांनी हे दोनदा वदवून घेतलं. "आमच्यात बॅक्टेरिया सापडला की केमिस्टला मेमो," ते म्हणाले, "आन हितं त्येचं पैसं घेत्यात."

इथून पुढं त्या दोघांना माझी गरज उरली नाही. बॅच, कंडेन्सर, रिकव्हरी, लॉस एवढ्या शब्दांवर एक सांगलीचा पेन्शनर आणि एक स्कॉटिश पोरगी तासभर बोलत राहिली. मी मागं, हातात किल्ली. तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळून माल सत्तर टक्क्यांच्या आसपास येतो, असं ऐकून आप्पा दयेनं म्हणाले, "आमचा कॉलम सरळ पंच्याण्णव देतोय." पिंपात मुरताना दर वर्षी दोन टक्के व्हिस्की उडून जाते, तो देवदूतांचा वाटा, असं तिनं सांगितलं. "हितं बी हप्ता हाय म्हणा की!"

मग काचेची, पितळी चौकटीची एक पेटी आली. गाळलेला माल तिच्यातून वाहतो आणि तिला कुलूप असतं. १८२३ च्या कायद्यापासून ही पद्धत आली. किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे, आणि त्याला राहायला घर डिस्टिलरीनं द्यायचं. आप्पांनी कुलपाला हात लावून बघितला. "आता किल्ली कुणाकडं?" आता आमच्याकडेच, ती म्हणाली. आप्पांचा विश्वास बसेना. "आमच्यात एक्साइजचा साहेब आल्याबिगर टाकीचं झाकण उघडत न्हाई. आन ही पोरगी सोताच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

फक्त एकदा आप्पा हरले. "टनाला रिकव्हरी किती?" तिनं सांगितलं, एक टन माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातून, निव्वळ अल्कोहोल चारशे लिटरच्या वर. आप्पा गप्पच झाले. मळीच्या टनाला दोनशे वीस-पंचवीस लिटर मिळवण्यासाठी त्यांनी रात्रपाळ्या जागवल्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पण माल्टचा भाव काय आसंल?"

आणि मग विचारलं ते स्पेंट वॉशचं, म्हणजे गाळून उरलेल्या सांडपाण्याचं. चोथा गुरांना जातो, ती म्हणाली, उरलेलं पाणी आटवून तेही पशुखाद्यात. "आमच्यात प्रेसमडवर, म्हंजी उसाच्या रसाच्या गाळावर, मारून कंपोस्ट करत्यात," आप्पा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. उन्हाळ्यात कृष्णा आटली की एखाद्या सकाळी मासे पोट वर करून तरंगताना आम्ही सगळ्यांनीच बघितलेत. अधिकारी येतात, बाटल्यांत नमुने भरतात, पेपरात फोटो येतो, नोटिसा निघतात. पाणी नेमकं कुणाचं हे ठरायच्या आत पाऊस पडतो आणि नदी सगळ्यांना माफ करून टाकते. आम्ही तेच पाणी पितो. त्या नमुन्यांच्या बाटल्यांचं पुढं काय होतं, कुणी सांगत नाही.

माझ्या बाटल्यांचं काय झालं ते मात्र सांगता येतं.

चाखायच्या खोलीत मेहुण्यानं स्वतःचे ग्लास संपवले. मग माळकरी माणसाला पाप नको म्हणून आप्पांचेही संपवले. आप्पांनी फक्त वास घेतला आणि कुठला माल शेरी वाइनच्या जुन्या पिंपातला, ते वासावरून ओळखून दाखवलं. टाळ्या पडल्या. मला तीन बाटल्या मिळाल्या. त्या खिशात घालून, मागच्या सीटवरची भावगीतं ऐकत, एका गाडीपुरत्या रस्त्यावरून मी सगळ्यांना मुक्कामी आणलं. दुकानात पुरती बाटली घ्यायला लागलो तर बायकोनं किंमत रुपयांत करून दाखवली होती.

संध्याकाळी वारा पडला आणि चिलटं उठली. मी पाणी आणायला नळावर गेलो. परत येतो तर आप्पा पायजमा गुडघ्यावर घेऊन बसलेले, दोन बाटल्या रिकाम्या आणि तंबूत घमघमाट.

"मीच दिल्या," बायको म्हणाली. "ओल्यानं त्यांचे गुडघे धरलेत. तसंही तुम्हाला उद्या गाडी चालवायचीच आहे."

"स्पिरिट चांगलं हाय," आप्पा म्हणाले. "जरा कमी टक्क्याचं. पण ह्या दुसऱ्या बाटलीला गुण आला बघा. ही तिसरी कितीची?"

मेहुण्यानं टॉर्च मारून चिठ्ठी वाचली. "अठरा वर्षांची, मामा."

आप्पांनी उजवा गुडघा माझ्यापुढं केला. "मग ही तुमच्या हातानं लावा, जावईबापू. माझा हात मागनं पुरत न्हाई."