आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) नावावर करायची घाई कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार भाऊ. आम्ही जुनी गाडी घेतली त्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणून सविस्तरच लिहितो. तुमचं म्हणणं असं, की गावात व्यवहार शब्दावर होतो. ओळखीच्या माणसाकडून जुनी गाडी घेऊन वर कागदांचा तगादा लावणं हा त्याच्यावर अविश्वास आहे. शिवाय, "गाडी पाहाले सारं घर नेलं, पोरगी पाहाले चालले होते काय?"

आधी शब्दाचं. शेत घेतलं की फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत आपण तलाठ्याकडे खेटे घालतो. विकणारा चुलतभाऊ असला तरी. त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही. मग गाडी घेतल्यावरच सह्या केलेले मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 डॅशबोर्डात कोंबून वर्षभर का फिरायचं?

आणि यात जास्त अडकतो तो विकणारा. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाही कळवलं आणि अपघात झाला, तर भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून पुढे विकली गेलेली, आरसी मात्र पहिल्याच्याच नावावर. जबाबदारी त्याच्यावरच आली. आम्हाला गाडी देणाऱ्या काकांना हे सांगितलं, तर ते माझ्याआधी आरटीओत जायला तयार झाले!

बँकेचा बोजाही बघावा. कर्ज फिटलं असलं तरी बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 देऊन आरसीवरची नोंद काढावी लागते. विमाही 14 दिवसांत नावावर करायचा. नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाकडेच राहतो, तो गाडीसोबत येत नाही.

आरटीओ जिल्ह्याला, दिवस बुडतो, हे तुमचं अगदी बरोबर.

आता सारं घर. पैसा कापसाचा होता, आणि वेचणीला मी एकटा नव्हतो. मी इंजिनात डोकं घालून उभा होतो तेव्हा बायकोने आईला मागच्या सीटवर बसवून पाहिलं. गुडघे वाकेनात. ती गाडी तिथेच बाद. दुसरीखाली वाकून पाहिलं तर पत्रा गंजलेला. आमच्या पांदणीत पावसाळ्यात काळी माती चाकांच्या वर चिकटून बसते, तिथे असा पत्रा किती टिकणार?

शेवटी तुमचा प्रश्न, 10 वर्षांवरची डिझेल गाडी घ्यावी का? 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवू न देण्याचा तो नियम 2015 च्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशातून दिल्ली-एनसीआर, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता आला. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे तपासणी करून 5-5 वर्षं वाढते. दिल्लीकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दिसतात त्या म्हणूनच. तुमच्या पाहण्यातली गाडी दिल्ली पासिंगची असेल, तर तिथली एनओसी आहे का ते आधी विचारा आणि महाराष्ट्रातला कर धरूनच भाव बोला.