बटाट्याला फक्त भाव विचारा!

आषाढी एकादशीला घरी माणसं जेवायला येणार असतील तर पहिली सूचना: बटाटा घरी तळायला जाऊ नका. यंदा मी तळला. इथे बडोद्यात खंडेराव मार्केटमधून चांगला मोठा, गुळगुळीत, टणक बटाटा बघून आणला, सळ्या कापल्या, पाण्यातून काढून पुसल्या, कढईत सोडल्या. बघता बघता जळक्या विड्या! बाहेरून करपलेल्या, आतून कच्च्या, वर चवीला गोड. जाऊबाईंनी प्रेमाने विचारलं, "गूळ घातलास का गं?" दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याला जाब विचारला तर तो म्हणाला, "बेन, कोल्डनो माल छे. तळवुं होय तो पॅकेट लई जाओ ने!" म्हणजे हा कोल्ड स्टोरेजमधला माल, तळायचा असेल तर पाकीट न्या!

तेव्हा दुसरी सूचना: भाजीवाल्याशी भांडू नका.

त्याचा काय दोष? बटाटा निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. आषाढात आपण खातो तो २ ते ४ अंशांच्या थंडीत महिनोन्‌महिने पडलेला असतो. त्या गारठ्यात त्याच्या पिठाची साखर होते, आणि साखर झाली की तळणीत तो काळा पडणारच. कारखान्याला हे पक्कं माहीत आहे. म्हणून त्यांचा बटाटा १०-१२ अंशांत ठेवतात, मोड येऊ नयेत म्हणून औषध देतात, आत घेताना साखर तपासतात. आपल्या वाट्याच्या बटाट्याची साखर जाऊबाई तपासतात.

तिसरी सूचना: अभिमान बाळगा. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स भारतात आलं तेव्हा तळायच्या सळ्यासुद्धा परदेशातून गोठवून यायच्या. आता उलटी गंगा. २०२३-२४ मध्ये भारताने सुमारे १ लाख ३५ हजार टन फ्रेंच फ्राइज बाहेर पाठवल्या, साधारण १,४७८ कोटींच्या. फिलिपिन्स, थायलंड, मलेशिया, सौदी, सगळीकडे. त्यातला मोठा वाटा आपल्या गुजरातचा. मेहसाणा-बनासकांठ्याकडे कारखाने उभे राहिले. मनिलातल्या पोराला खुसखुशीत सळी मिळते, आपल्या दांडिया बाजारात काळी. देशासाठी एवढं सोसायला हवं.

चौथी: गोठवलेलं पाकीट आणलंत तर मागची बाजू वाचू नका. काहींवर पिठाचा हात दिलेला असतो; उपास मोडेल.

पाचवी सूचना पुढच्या जन्मी शेतकरी होणाऱ्यांसाठी. बनासकांठ्यात डीशाकडे जमीन घ्या. वेफरसाठी एलआर, म्हणजे लेडी रोसेटा जात लावा, सळ्यांसाठी सॅन्टाना. दोन्ही मूळची हॉलंडची. कंपनीशी भाव पेरणीआधीच ठरेल. खोटं कशाला बोलू, त्या ठरलेल्या भावासाठीच शेतकरी तिकडे जातो, कारण बाजारात आवक वाढली की आपण त्याला काय देतो ते सगळ्यांना माहीत आहे. पण कारखान्याच्या गेटवर फूटपट्टी असते. लहान निघाला, बाद. हिरवा पडला, कापला गेला, आतून पोकळ निघाला, बाद. हा बाद झालेला माल कुठे जातो? बाजारात, म्हणजे आपल्याकडेच! आणि चुकूनही कंपनीचं वाण तिला न विचारता लावू नका. एप्रिल २०१९ मध्ये पेप्सिकोने साबरकांठ्यातल्या चार शेतकऱ्यांवर दावा लावला होता. एफसी-५ नावाने ओळखला जाणारा, कंपनीच्या नावावर नोंदवलेला बटाटा लावला म्हणून प्रत्येकी १ कोटीहून जास्त भरपाई मागितली. एक कोटी! बटाट्याच्या शेतकऱ्याकडे! पिकांच्या वाणांवरच्या हक्कांचा २००१ चा कायदा सांगतो की शेतकरी बी राखू शकतो, पेरू शकतो, विकूही शकतो, फक्त ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. ओरड झाली तेव्हा मे महिन्यात दावा मागे घेतला. डिसेंबर २०२१ मध्ये त्या वाणाची नोंदणी रद्द झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते रद्द करणंही बाजूला सारलं. कोर्टकचेरीला पुरेल इतकं आयुष्य कंपनीला असतं. शेतकऱ्याला पुढच्या ऑक्टोबरात पेरणी असते.

सहावी: मॉलमध्ये जा. निर्यातीचा हिशोब केलात तर किलोला साधारण १०९ रुपये पडतात. तोच माल अलकापुरीत कागदी डब्यात मूठभर घाला, वर लाल मसाला भुरभुरवा आणि दीडशे रुपये द्या. घासाघीस करू नका, शोभत नाही. घासाघीस मार्केटात, पाटीवाल्या मावशीशी, पाच रुपयांसाठी.

आणि आता सरळच बोलते, कारण हे उपहासाचं सोंग मला आणखी झेपत नाही. कंपन्यांना किती नावं ठेवायची? त्यांनी निदान शेतकऱ्याला सांगितलं की आम्हाला अमुक जात हवी, अमुक आकार हवा, आणि त्याचे हे पैसे. आपण काय सांगितलं? आंबा घेताना केसर की हापूस ते विचारता, देठाचा वास घेता. तांदूळ आंबेमोहर की कोलम, जुना की नवा, चिमटीत धरून बघता. बटाट्याला फक्त भाव विचारता! सिमल्याच्या सरकारी बटाटा संस्थेने १९९८ साली खास तळणीसाठी कुफरी चिप्सोना काढला, आपल्याच कराच्या पैशातून. कधी नाव काढलंत त्याचं दुकानात? गिऱ्हाईकच मागत नाही तर व्यापारी कशाला वेगळा ठेवील? सगळा एकाच थंड खोलीत, एकाच ढिगात. चांगलं ते बोटीवर चढतं याला कारण बोटीवाले पैसे मोजतात, आणि आपण व्हॉट्सअ‍ॅपवर निर्यातीचे आकडे पुढे पाठवून खूश होतो.

उद्या मार्केटात गेलात की तोंड उघडा. कोल्डचा आहे का? कुठली जात? भाजीवाला हसेल, हसू दे. पुन्हा विचारा, शेजारणीलाही विचारायला लावा. चांगल्या मालाचे दोन पैसे जास्त मागितले तर द्या मुकाट्याने, आणि वर कोथिंबीर फुकट मागू नका.