वेग पोटरीत नसतो: भरतीच्या मुलांमध्ये फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मैदानावर येणाऱ्या कितीतरी जणांनी तो मला दाखवला. मजकूर थोडक्यात असा: शंभर मीटरचा वेग घोट्यातून आणि बोटांतून येतो. म्हणून बोटं खाली रोखून पळा, चवड्यानं जमीन मागे ढकला, रोज 300 वेळा टाचा उचलून पोटऱ्या जाड करा, डांबरी रस्त्यावर अनवाणी पळा. आणि ज्याचे तळवे सपाट, त्यानं शंभर मीटरचा नाद सोडावा.

पावलांकडे लक्ष द्या, एवढं त्यातलं खरं आहे. बाकीच्यापायी मुलं नडग्या धरून बसतायत, म्हणून हे लिहितोय.

आधी 'चवड्यानं ढकला' हे घेऊ. पूर्ण वेगात असताना पाऊल जमिनीवर किती वेळ टेकतं? चांगल्या धावपटूचं साधारण 0.1 सेकंद, अव्वल धावपटूचं त्याहूनही कमी. तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या एका पायावर येतो. पोटरी आखडून जमीन ढकलायला तिथे सवडच नसते. पोटरीचा स्नायू तेव्हा मुख्यतः घट्ट धरून राहतो, आणि टाचेच्या वर हाताला लागणारी जाड दोरी, म्हणजे अकिलिस कंडरा, ताणली जाऊन परत आखडते. तळव्याची कमानही तशीच दबते आणि उसळते. पाय वरून खाली-मागे ओढला जातो तो खुब्याच्या, नितंबाच्या आणि मांडीमागच्या स्नायूंच्या जोरावर. घोटा ढिला असला की तो सगळा जोर घोट्यातच जिरतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की पाय हवेतून पुढे आणायला वेगवान आणि सावकाश धावपटूंना जवळपास सारखाच वेळ लागतो. फरक पडतो तो जमिनीवर किती जोर पडतो यात. सुरुवातीच्या काही पावलांत मात्र पाय जमिनीवर जास्त वेळ असतो, तिथे घोट्यानं ढकलायला खरंच वाव आहे. मेसेजमध्ये ते सुरुवातीचं तंत्र अख्ख्या शंभर मीटरला लावलंय.

'बोटं खाली रोखा' यानं माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान होतं. परवा पाऊस उघडल्यावर ओल्या मातीत एका मुलीचे ठसे बघितले. चवड्याचा ठसा पुढे घसरलेला, आणि मागे टाचेचा खोल खड्डा. म्हणजे पाऊल बोटांवर टेकलं आणि घोटा खचून टाच आपटली. तिला सांगितलं, पाय जमिनीवर येण्याआधीच पाऊल नडगीकडे ओढून धर आणि तसंच कडक ठेवून खाली आण. चौथ्या-पाचव्या फेरीत ठसा बदलला: चवड्याच्या बाहेरच्या कडेला नीट उमटलेला, टाच नुसती घासून गेलेली. आवाजही बदलला. आधी फटाक् यायचा, आता टप. टाच जमिनीला जरा शिवली तर काही बिघडत नाही, आपटायला नको.

पोटऱ्या जाड करायच्या म्हणता, तर घोड्याचा पाय बघा. सगळं मांस वर, शरीराजवळ, आणि खाली नुसती हाडं न् लांब कंडरा. पायाच्या टोकाला वजन वाढलं की तो झुलवायला जड जातो. पोटरी ताकदवान हवी, पण रोज 300 वेळा टाचा उचलून तग वाढतो, कडकपणा नाही. त्यापेक्षा वजन घेऊन एका पायावर आठ-दहा वेळा टाच उचला, आणि गुडघे फारसे न वाकवता दोरीवरच्या उड्या मारा. आठवड्यातून दोनदा पुरे.

बोटांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार आवडते. 2009 साली अमेरिकेतच स्प्रिंटर आणि न धावणाऱ्यांच्या पावलांची मापं घेतली गेली. स्प्रिंटरांची बोटं लांब निघाली, आणि घोट्यामागची तरफ, जिच्यावर अकिलिस ओढ देते, ती आखूड. तरफ आखूड म्हणजे तोटाच, असं वाटेल. पण त्यामुळे पोटरीच्या स्नायूला कमी वेगानं आखडावं लागतं, आणि सावकाश आखडणारा स्नायू जास्त जोर देतो. हे माप सरावानं बदलत नाही, म्हणून त्याची चिंताही करू नका.

आणि सपाट तळवे? उभं राहून पायाचा अंगठा हातानं वर उचला. आतल्या बाजूची कमान वर येताना दिसेल. अंगठा वाकला की तळव्याखालची पट्टी ताणली जाते आणि पाऊल ताठ होतं. नुसतं उभं असताना सपाट दिसणाऱ्या कितीतरी पावलांत हे घडतं. असा तळवा बघून कुणाला शंभर मीटरमधून बाद करणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

अनवाणी पळायचं तर गवतावर, सुरुवातीला दहा मिनिटं, आणि हळूहळू वाढवत. कंडरा आणि हाडांना सवय व्हायला स्नायूंपेक्षा जास्त दिवस लागतात. भरतीला दोन महिने उरले असताना डांबरावर सुरुवात केली की नडगी बोलू लागते. नडगीच्या हाडावर बोटानं दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. मैदानी चाचणी कितीही जवळ आली असली, तरी त्या मुलानं पळणं थांबवून आधी डॉक्टरला दाखवावं.