सेंट पॅट्रिक्स डे बिअर कंपन्यांनी जगभर नेला नाही

मार्च आला की हा मेसेज फिरायला लागतो : ‘सेंट पॅट्रिक्स डे म्हणजे आयरिश लोकांचा पूर्वापार दारू पिण्याचा सण. पॅट्रिक या आयरिश संताने बेटावरचे साप हाकलले, त्याचा हा जल्लोष. बिअर कंपन्यांनी तो जगभर पोचवला.’ यातलं फारच थोडं टिकतं.

आधी दारू. 17 मार्च ही पॅट्रिकची पुण्यतिथी मानतात आणि ती लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासांत येते. त्या दिवशी बंधनं सैल व्हायची, पिणंही व्हायचं, हे खरं. पण स्वतंत्र आयर्लंडने 1927 मध्ये कायदा करून या दिवशी पबना टाळं लावलं. नाताळ आणि गुड फ्रायडेसारखाच हाही ‘ड्राय डे’ झाला. बंदी उठली ती 1960च्या कायद्याने. मधल्या काळात डब्लिनमध्ये कुत्र्यांच्या प्रदर्शनात मात्र दारू मिळायची, म्हणून कुत्र्यांशी काडीचा संबंध नसलेली मंडळीही तिथे हजेरी लावायची! पूर्वापार दारूच्या सणाला अशी वेळ येते का?

आता प्रसाराचं श्रेय. न्यूयॉर्कची मिरवणूक 1762 पासूनची. ती इंग्रजांच्या लष्करातल्या आयरिश शिपायांनी सुरू केली. आयर्लंडमधल्या 1845 नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. अमेरिकेत त्यांना हिणवलं जायचं, तेव्हा रस्त्यावर उतरून ‘आम्ही इथे आहोत’ हे दाखवायचा दिवस तो हाच. शिकागोची नदी 1962 मध्ये या सणासाठी हिरवी केली तीसुद्धा प्लंबरांच्या युनियनने, सांडपाणी नदीत कुठून मिसळतंय हे शोधायला वापरायच्या रंगाने. कंपन्यांनी पुढे यावर पैसा कमावला, पण सण उभा केला तो पोटासाठी परदेशी गेलेल्यांनी. त्यांचं श्रेय असं पुसलं जाऊ नये.

पॅट्रिक जन्माने आयरिश नव्हता. तो रोमन ब्रिटनमधला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याला पळवून गुलाम म्हणून आयर्लंडला नेलं. आणि साप? हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोचलेच नाहीत.

मेसेजमध्ये माँटसेराटचा तर पत्ताच नाही. या कॅरिबियन बेटावरही 17 मार्चला सार्वजनिक सुट्टी असते. 1768 मध्ये आयरिश मळेवाले सणात दंग असतील हे हेरून गुलाम आफ्रिकनांनी त्याच दिवशी उठाव ठरवला होता. बातमी फुटली, म्होरक्यांना फाशी दिलं. 1985 पासूनची ही सुट्टी आयरिश वारशाइतकीच त्यांच्यासाठीही आहे.