विश्वास घरच्या घरी कसा तयार करावा

ख्रिस्ती माणसाकडे विश्वास असायला हवा, हे आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. तो येतो कुठून, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. म्हणजे पाळकसाहेब सांगतात, पण नेमकं त्याच वेळी आपण पंख्याखालची जागा शोधत असतो. मे महिन्यात पारा ४३ च्या वर चढला की सोलापुरातली बाकं पंख्यांच्या हिशेबानेच भरतात, त्याला इलाज नाही. तेव्हा ज्यांचं ऐकायचं राहून गेलं त्यांच्या सोयीसाठी काही सूचना देतो. विश्वास बाहेरून आणायची गरज नाही. थोडी चिकाटी ठेवली तर तो घरच्या घरी तयार होतो.

सुरुवात साक्षीपासून करा, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगण्यापासून. कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घरच्या प्रार्थनासभेत, साक्ष द्यायला उभे राहाल तेव्हा वाक्याचा कर्ता सांभाळायचा. मी विश्वासात खंबीर राहिलो. मी तीन दिवस उपास धरला. मी देवाला सोडलं नाही. माझा विश्वास होता, म्हणून पोराला पुण्यात नोकरी लागली. देवाचं नाव शेवटी घ्यावं, लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’ येतं त्या जागी. ‘त्यालाच सर्व गौरव’ असं म्हणून खाली बसायला हरकत नाही. तोवर गौरवाची वाटणी उरकलेली असते.

नव्या करारात प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिताना इथे जरा घोळ घातला आहे. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे, इथपर्यंत ठीक. पण पुढे तो म्हणतो की हे तुमच्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून. आता आढ्यताच काढून घेतली तर साक्ष द्यायची कशाची? म्हणून दुसऱ्या अध्यायातलं आठवं वचन अर्ध्यावर थांबवावं. नववं वाचूच नये.

सोलापूरकरांना मात्र एक जास्तीची अडचण येते, आणि ती पाण्याची आहे. आपल्याकडे नळ रोज सुटत नाही. चार-पाच दिवसांनी सुटतो, तोही कधी रात्री दोनला, आणि सुटला की अख्खी गल्ली बॅरल-घागरी घेऊन जागी होते. हे पाणी उजनीचं आहे, भीमेवर अडवलेलं, शंभरावर किलोमीटर पाइपातून आलेलं, हे रिक्षावाल्या मामांपासून यंत्रमागावरच्या अण्णांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. ‘आमच्या तोटीने पाणी तयार केलं’ असं गल्लीत उभं राहून सांगणारा अजून जन्मायचा आहे. तोटी पितळेची असो की पाच वर्षं गळत असलेली प्लास्टिकची असो, पाणी तेच येतं; गळक्या तोटीखाली कळशी जरा वेळाने भरते, इतकंच. ही अक्कल आठवडाभर वापरा, पण रविवारी चर्चच्या फाटकाबाहेर ठेवून आत जा. नाहीतर विश्वासाच्या बाबतीतही उजनी कुठे आहे, असा प्रश्न डोक्यात येईल आणि साक्ष देताना जीभ अडखळेल.

ज्यांची अक्कल फाटकाबाहेर थांबायला तयार नव्हती, त्यांचं काय झालं ते बघा. प्राचीन मंडळीतला बिशप ऑगस्टिन, एवढा विद्वान माणूस. आधी त्याचंही मत आपल्यासारखंच होतं: सुवार्ता पोचवणं देवाकडे, ती मानायची की नाही हे आपल्याकडे, म्हणजे विश्वासाची पहिली पायरी तरी आपली. मग त्याने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पौलाचा प्रश्न वाचला: तुला मिळालेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? झालं. बिशप असूनही माणसाने ‘माझं चुकलं होतं’ असं चक्क लिहून ठेवलं. पुढे ५२९ साली आजच्या फ्रान्समधल्या ऑरेंज गावी बिशपांची सभा भरली आणि विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते, असा ठराव झाला. बिशप लेखी चूक कबूल करतो आणि सभा माणसाच्या हाती काहीच शिल्लक ठेवत नाही! आपल्या चर्चच्या पंचमंडळीत असा विषय अजेंड्यावर तरी आला असता का? अध्यक्षांनी ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलला असता आणि तोवर चहा आला असता.

आता सर्वांत मोठा धोका. रोमकरांस पत्र, अध्याय दहा, वचन सतरा: विश्वास वार्तेने, आणि वार्ता ख्रिस्ताच्या वचनाच्या द्वारे. हे खरं असेल तर आपला घरगुती उद्योग बसलाच. विश्वास कानातून येणार, आणि ऐकायचं काय, तर आपल्याबद्दल काही नाही, ख्रिस्ताने काय केलं ते. याच्यावर एकच बंदोबस्त: कान कामात ठेवा. उपासनेला पहिल्या गीतानंतर या. शास्त्रपाठ चालू असताना मागच्या बाकावरच्या वहिनींना ‘सलाम, कधी आला गावाहून?’ विचारून घ्या. उपदेशाच्या वेळी मोबाइलवर दुसऱ्या, जास्त गाजलेल्या उपदेशकाचा उपदेश निवडून ठेवा, घरी गेल्यावर ऐकायला. ऐकणार नाही आहोतच, पण निवडण्यात वेळ बरा जातो.

आणि वचन हवंच असेल तर ते वाचण्याऐवजी काढावं. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर वचनाच्या चिठ्ठ्यांचं ताट फिरतं, त्यात हात घालायचा. भरभराटीचं निघालं की ‘प्रभू बोलला.’ ‘जगात तुम्हांला क्लेश होतील’ असलं काही निघालं की चिठ्ठी चिकटून आली होती असं समजून परत टाकायची आणि दुसरी घ्यायची. प्रभू दुसऱ्यांदा बोलतो.

यिर्मया संदेष्ट्याच्या २९:११ ची फ्रेम तर तुमच्या बैठकीत असेलच. हिताचे संकल्प, अनिष्टाचे नाहीत, वगैरे. छान वचन आहे. त्याच्या वरचं दहावं वचन फ्रेममध्ये मावत नाही, हे आपलं नशीब. त्यात लिहिलंय की हे सगळं बाबेलातली, म्हणजे बॅबिलोनच्या बंदिवासातली, सत्तर वर्षं भरल्यावर. हे पत्र बंदिवान करून नेलेल्या माणसांना आहे, आणि त्यात सांगितलंय काय, तर तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्यांनी धरून नेलं त्यांच्याच शहरासाठी प्रार्थना करा. पत्र वाचणाऱ्यातले बरेचजण सुटका न बघताच मरणार होते. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या संदेष्टा मात्र दोन वर्षांत सगळं परत मिळेल म्हणून सांगत होता. दोन वर्षं! सत्तरचं दोनवर आणणारा माणूस आज असता तर त्याच्या कन्व्हेन्शनला पार्क मैदान पुरलं नसतं, आणि यिर्मयाच्या सभेला महिला मंडळाच्या चार मावश्या आणि माइकवाला. हनन्या त्याच वर्षी मेला, असं पवित्र शास्त्र म्हणतं, पण ते अध्यायाच्या अगदी शेवटी आहे. तिथपर्यंत कोण जातंय?

विश्वास तयार झाला की तो मोजायचा. मोजल्याशिवाय शेजाऱ्याचा कमी आहे हे कळणार कसं? शिष्यांनाही हा ध्यास होता. ‘आमचा विश्वास वाढवा’ अशी त्यांनी रीतसर मागणी केली, आणि येशूने मोहरीच्या दाण्याची गोष्ट काढून विषयच मोडून टाकला. मोहरीएवढा पुरतो म्हणे, तुतीचं झाड उपटून समुद्रात लागेल. म्हणजे मापाला अर्थच नाही, सगळं वजन ज्याच्यावर ठेवलाय त्याचं. असं बोलणं मंडळीच्या वाढीला पोषक नाही. तुम्ही माप चालू ठेवा.

मापाचा खरा उपयोग सिव्हिलच्या वॉर्डात होतो. आजारी माणसाला भेटायला जाताना मोसंबी न्यावीत, प्रार्थना करावी, आणि उठता उठता, स्टूल सरकवताना, हळूच म्हणावं, ‘काय की ओ अण्णा, विश्वास कुठं तरी कमी पडतोय बघा.’ एवढं पुरतं. माणूस आधी फक्त आजारी होता, आता अपराधीही झाला. त्याची बायको रात्रभर खाटेशेजारी चटईवर पडून, नेमक्या कुठल्या दिवशी कमी पडला, हे आठवत राहील. तुम्ही मात्र शेवटच्या सिटी बसने निर्धास्त घरी जा. तो बरा झाला तर तुमची प्रार्थना, नाही झाला तर त्याचा विश्वास. याच्याइतका बिनतोट्याचा धंदा साऱ्या नव्या पेठेत सापडणार नाही.

फक्त एक काळजी घ्या, त्या बाईच्या हाती पवित्र शास्त्र लागू देऊ नका. तिला सापडेल की पक्षघाती माणसाला खाटेवरून आणून छप्पर उसकटून खाली सोडलं, तेव्हा येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, खाटेवरच्याला एक प्रश्न विचारला नाही. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं आणि काटा तसाच राहिला, मिळालं काय तर ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ सोबती त्रफिम आजारी होता म्हणून पौलाने त्याला मिलेत गावी ठेवलं. तुझा विश्वास कमी पडला असं काही त्याच्या कानात सांगितल्याची नोंद नाही. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. आणि इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय, विश्वासवीरांचा, तो पस्तिसाव्या वचनाच्या मध्यापर्यंतच वाचावा. तिथवर सिंहांची तोंडं बंद होतात, मेलेले परत मिळतात. उरलेल्या अर्ध्यात दगडमार आहे, करवतीने चिरणं आहे, शेरडामेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ हिंडणं आहे, आणि मग लेखक शांतपणे सांगतो की या सगळ्यांचा विश्वास तोच होता. असं लिहिणाऱ्याला आपल्याकडे कॉटेज मीटिंगला कोणी बोलावणार नाही.

दृढीकरणाच्या, म्हणजे मुलांना मंडळीचे पूर्ण सभासद करण्याआधीच्या, वर्गाबद्दल दोन शब्द. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाचा ठरलेला कबुलीपाठ, मुलाने न अडखळता म्हटला की विश्वास झाला, असं धरून चालावं. जुने प्रॉटेस्टंट शिक्षक विश्वासाचे तीन भाग सांगत: माहिती असणं, ती खरी मानणं, आणि त्या ख्रिस्तावर स्वतःला टाकून देणं. पहिले दोन सोपे आहेत, परीक्षा घेता येते, गुण देता येतात. नव्या करारातला याकोब म्हणतो की ते भुतांकडेही असतात, वर ती थरथर कापतात. आपण कापत नाही, म्हणजे त्यांच्यापेक्षा आपली तब्येत चांगलीच म्हणायची. तिसऱ्या भागाच्या वाटेला जाऊ नये. त्यात माणसाच्या हातात दाखवण्यासारखं काही उरत नाही.

शंका आल्या तर कोणाला सांगू नका. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला तो बाप वेडा होता. आजारी पोरगा समोर, चारचौघांत उभा, आणि म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. अर्जात विनंती आणि अपात्रता एकाच ओळीत! अर्ज मंजूर झाला हा भाग वेगळा.

राहिला वारसा. हा सगळ्यांत सोपा मार्ग, यात मेहनतही नाही. पणजोबा मिशनच्या बोर्डिंगात होते, आजोबांनी चर्चची घंटा वाजवली, वडील पंच होते. रेशनकार्डासारखं नाव पुढे चालत राहतं. लोक उगाच नारायण वामन टिळकांचं उदाहरण देतात. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, मुंबईतला. नवऱ्याचा विश्वास घरात आला म्हणजे बायकोला आपोआप लागू व्हायला हवा होता. पण लक्ष्मीबाई त्या काळात आपल्या पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिल्या, रडल्या, भांडल्या, आणि काही वर्षांनी आल्या त्या स्वतःच्या पायांनी. वारसाहक्क मानला असता तर एवढा वेळ आणि एवढी आसवं वाचली असती.

आणि टिळकांचं तरी सुरू कशाने झालं? उपासाने नाही, निश्चयाने नाही. १८९३ साली ते राजनांदगावला निघाले होते, डब्यात एक अनोळखी युरोपियन भेटला, गप्पा झाल्या, उतरताना त्याने हातात नवा करार ठेवला आणि वाचायचं वचन घेतलं. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन अडकले. दोन वर्षांत बाप्तिस्मा. वार्तेने येतो म्हणतात तो असा, तिकीट काढून बसलेल्या माणसाच्या हातात, त्याने मागितलेला नसताना.

म्हणून प्रवासात सावध राहा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्यांना फारशी भीती नाही, रात्रीची गाडी, दिवा मालवून वरच्या बर्थवर चढलं की झालं. हुतात्माने पुण्याला जाणाऱ्यांचं अवघड आहे. सकाळची वेळ, खिडकीतून भरपूर उजेड, आणि ते डोंगरावरचं प्रवचन, म्हणजे मत्तयाचे पाच ते सात हे तीन अध्याय, सावकाश वाचले तरी मोहोळ यायच्या आत संपतात. शेजारच्याने पुस्तक पुढे केलंच, तर चष्मा घरी राहिला म्हणा.