सगळ्यांना सारखे मार्क म्हणजे समाजवाद नव्हे

तो प्रोफेसरवाला फॉरवर्ड परत फिरतोय. एका प्रोफेसरने म्हणे वर्गात ‘समाजवादाचा प्रयोग’ केला, सगळ्यांच्या मार्कांची सरासरी काढून प्रत्येकाला तीच दिली, मग हुशार पोरांनी अभ्यास सोडला, आळशी आधीच करत नव्हते, शेवटी अख्खा वर्ग नापास, आणि म्हणून समाजवाद कधी चालूच शकत नाही.

पहिला मुद्दा, ‘सगळ्यांना सारखं वाटून द्यायचं’. नाही. भांडण मालकीचं आहे. कारखाना, जमीन, खाणी, बँका कुणाच्या आणि त्यातला नफा कुठे जाणार हे कोण ठरवणार, एवढाच मूळ प्रश्न. बाप टॉपर होता म्हणून पोराला पेपर न लिहिता ९० मार्क मिळत नाहीत, पण जमीन आणि शेअर वारसाने मिळतात, मग मार्कांची तुलना संपत्तीशी लागतेच कशी?

दुसरा, ‘कष्टाला किंमत नाही’. हे तर सोव्हिएत रशियातही नव्हतं. त्यांच्या १९३६ च्या घटनेत कलम १२ आहे, प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला कामाप्रमाणे, आणि जो काम करणार नाही तो खाणारही नाही. स्टालिनने १९३१ मध्येच सरसकट सारख्या पगारावर टीका केली होती, आणि १९३५ मध्ये स्ताखानोव नावाच्या खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला म्हणून त्याला देशभर डोक्यावर घेतलं. आता रशियाचं सगळं छान होतं असं मी अजिबात म्हणत नाही, १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली, एकाच पक्षाची हुकूमशाही होती, कुठे काय किती बनवायचं ते मॉस्कोत बसून ठरायचं आणि दुकानापुढे लोकांच्या रांगा लागायच्या. यावर जोरात टीका करा ना, पण हे दोष सत्तेचे आणि नियोजनाचे, आळशी पोरांचे नव्हेत.

‘समाजवाद आला की लोकशाही गेली’ हेही शेवटी चिकटवलेलं असतं. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये मांडलेली योजना वाचा. महत्त्वाचे उद्योग, विमा आणि शेती सरकारच्या मालकीची, पण हे सगळं संसदीय लोकशाहीत, राज्यघटनेतच लिहून ठेवायचं, म्हणजे हुकूमशहाची गरजच नको आणि उद्या बहुमत बदललं म्हणून ते मोडताही येऊ नये.

आपल्याकडे आयुर्विमा १९५६ ला सरकारी झाला, १४ बँका १९६९ ला. त्यातून काय मिळालं, काय बिघडलं, यावर वाद घालायला मी केव्हाही तयार आहे.